खंडेनवमीला राहिलेली दांडी

बसा नीट. मोबाईल खाली ठेवा रे, न्हाईतर मी उठून चाललो... हां. ही ऐकीव गोष्ट न्हाई. भुजंग माझ्या रोजच्या बघण्यातला. बदनापूरच्या पुढं एका वृद्धाश्रमात देखभालीला होता. गेल्या साली, खंडेनवमीची रात. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून झेंडूची फुलं आणायला तो बदनापुरात गेल्ता.

माणूस कामाला चोख. बाथरूममधल्या धरायच्या दांड्या, अंघोळीच्या खुर्च्यांची रबरं, सगळं दर आठवड्याला हलवून बघायचा. म्हातारी माणसं, एकदा घसरली की संपलं. पण त्या सकाळी गिरिजामाय, तिथंच राहणारी म्हातारी, त्याला म्हणाली, "भुजंगा, दांडी हलू राह्यली बाबा."

त्यानं नुकतेच पान्हे, पेचकस, ड्रिल मशीन पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी आपल्यात कोण उचलतं? तो म्हणाला, "माय, आजच्या दिवस जपून. उद्या पूजा हलवली की आधी तुझी दांडी."

अरे, त्या बाथरूमच्या दाराला कुलूप घालायचं तरी सुचावं ना बेट्याला! न्हाई सुचलं.

नऊच्या सुमाराला तो फुलं घेऊन परत आला. लाईट गेल्ती. सगळी म्हातारी माणसं झोपलेली. रात्रपाळीची बेबीनंदा कुठं दिसेना. तेवढ्यात बाथरूममधून हाक आली.

"भुजंगा... धर रे."

गिरिजामायचाच आवाज. तो आत गेला. मिट्ट काळोख. फरशी ओली. त्यानं दांडी चाचपली. हाताला नुसती भिंत लागली.

"दांडी नको. तू धर."

उजव्या हातात तिचा हात आला. गार. लई गार.

"सोडू नको..."

"न्हाई सोडत, माय."

खिशातला फोन वाजला. त्यानं डाव्या हातानं उचलला. बेबीनंदा रडत होती.

"भुजंगभाऊ, गिरिजामाय सांजच्याला बाथरूमात पडली हो. दांडीच उपटून आली. जालन्याला दवाखान्यात आणलं व्हतं... आत्ताच गेली."



हात अजून हातातच होता.

तो ओरडला न्हाई. पळाला न्हाई. नुसता उभा... मला म्हणाला, "दादा, भ्याव वाटलं न्हाई, रडू बी आलं न्हाई. आतून काहीच होईना. एवढंच वाटलं, ह्या बारीला सोडायचं न्हाई."

पहाटे बेबीनंदा परत आली. तिनं बॅटरी मारली. तो तसाच उभा. उजवी मूठ आवळलेली.

ती मूठ त्यानं आजवर उघडली न्हाई. डॉक्टर झाले, औषधं झाली. मागच्या चैत्रात माझ्याकडं आल्ता. डाव्या हातानं चहा घेतला, गेला. घरात पाण्याचा थेंब सांडलेला न्हाई, बाहेर रणरणतं ऊन...

आणि तो बसला होता त्या खुर्चीच्या उजव्या बाजूला, फरशीवर, पाण्याचं थारोळं.