चादरीचे दोन तुकडे

"मोरो, विचार तिला! आईनं लग्नासाठी नाव भरून ठेवलेली सुती चादर फाडून मातीत पुरताना लाज नाही वाटली?"

विसेंत ओरडले ते कुत्र्यावर. दोन वर्षं ते लेकीशी असेच, कुत्र्यामार्फत बोलत... एम्पार हे तिचं नावसुद्धा घेणं त्यांनी टाकलं होतं! आई गेली तेव्हा बाबांसाठी आणि या संत्र्यांच्या बागेसाठी तिनं ठरलेलं लग्न मोडलं. मग चार ओळींत नांगर थांबवून, पोत्यातलं खत बंद करून, भाताचा पेंढा, लेंडीखत आणि जिवाणूंचं विरजण घातलं, एवढाच काय तो तिचा गुन्हा! वालेन्सियाकडच्या त्या गावात झाडून काढल्यासारखी बाग म्हणजे घराण्याची अब्रू, आणि हिच्या ओळींत गुडघाभर गवत!

बाबांची झाडं पिवळी पडत चालली होती. उद्या यंत्र येऊन सगळी बाग, तिच्या ओळींसकट, उपटणार होतं.

"बाबा, एकदाच या," ती कुदळ उचलत म्हणाली. "दोन महिन्यांपूर्वी अर्धी चादर तुमच्या झाडाखाली पुरली, अर्धी माझ्या. दोन्ही सारख्याच निघाल्या तर मी यंत्राला अडवणार नाही."

"चल रे मोरो, बाईसाहेबांचा तमाशा बघू!"

बाबांच्या ओळीत कुदळ ठणकन वाजली. ढेकळांखालून तुकडा जसाच्या तसा निघाला, त्यावरचं लाल दोऱ्याचं नावही शाबूत.

तिच्या ओळीत मात्र कुदळ लागलीच नाही. काळीभोर, घमघमणारी माती हातानंच सरली... मुळांना पांढरे तंतू बिलगलेले, गांडुळांची लगबग... आणि चादर? कुठली चादर! कडेची नायलॉनची लेस तेवढी बोटांना लागली.

"कुणी खाल्ली?" बाबांनी थेट तिलाच विचारलं.

"डोळ्यांना न दिसणाऱ्यांनी, बाबा. तेच मुळांना भरवतात. तुमच्याकडे ते उपाशी मेले."

म्हातारा गुडघ्यांवर बसला. ओंजळभर माती नाकाशी नेली आणि म्हणाला, "अगं आई गं... एवढं जग पायाखाली! आणि मी साठ वर्षं ते स्वच्छ करत होतो!"

मग त्यांनी आपला तुकडा उचलला, अंगठ्यानं माती पुसली आणि वाचलं, "एम्पार..."

तिला हुंदका आवरेना.

"एम्पार, यंत्रवाल्याला नको म्हणून कळव. आणि माझ्या ओळींना पेंढा किती लागेल गं?"

ती रडता रडता हसली आणि कुत्र्याकडे वळली.

"मोरो, सांग त्यांना... भरपूर!"