मुका गाईड

थेओनीने स्टाथिसला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ग्रीसमधल्या मिकिनेसच्या प्राचीन सिंहद्वारासमोर दोन्ही पंजे उगारून उभा होता, आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. समोरचे सहा डॅनिश प्रवासी हसून बेजार झाले होते.

ती परवाना असलेली गाईड. अडीच वर्षं गाईडच्या सरकारी शाळेत डोकेफोड करून गळ्यात बिल्ला मिळवलेली. त्याला गिऱ्हाइकं मिळत ती ॲपवरून. अवशेषांच्या कुंपणाआत बिनपरवाना माहिती सांगायला बंदी, म्हणून हा पठ्ठ्या फाटकाबाहेर तासभर बोलून घ्यायचा आणि आत नुसते हातवारे करायचा. ॲपवर त्याला पाचपैकी पाच तारे होते. थेओनीच्या पोटात दुखलं यात नवल नाही. तिने पहारेकरी फोतिसकाकांना सांगून ठेवलं, "त्या नाटक्यावर लक्ष ठेवा. एक शब्द बोलला की पकडा."

मग तीही लक्ष ठेवू लागली. काकांपेक्षा जरा जास्तच.

"बाई, आज माझा आगामेम्नोन राजा कसा मेला?" एकदा फाटकाबाहेर संत्रं सोलता सोलता त्याने विचारलं.

"वाईट. त्याला न्हाणीघरात मारला होता. तू जिन्यावरून घसरल्यासारखा मेलास."

"मग शिकवा ना!"

"माझी फी परवडायची नाही तुला."

"अर्धं संत्रं?"

ती नको म्हणाली... आणि खाल्लं.

"परवान्याची परीक्षा का देत नाहीस?"

"दिवसभर शाळा—तीही अडीच वर्षं. तोवर घरी आईला काय घालू, हातवारे?"

तिने संत्र्याची शेवटची फोड त्याच्या हातावर ठेवली.

एप्रिलमधल्या एका सकाळी वर बालेकिल्ल्यात वाऱ्याने तिची टोपी उडवली. त्याने ती झेलली, आणून दिली. बोटांना बोटं लागली. ती हसली, आणि तो बोलला. कुंपणाच्या आत, प्रवाशांसमोर! काकांची शिट्टी वाजली.

दंड झाला असता तर ॲपने त्याचं नाव कायमचं काढलं असतं. कार्यालयात तो मान खाली घालून गप्प उभा राहिला. काय बोलला ते सांगितलं असतं, तर बिल्लेवाल्या पोरीचं नाव गावभर झालं असतं.

थेओनी स्वतःच आत शिरली.

"तक्रार तुमचीच ना?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं. "काय माहिती दिली याने प्रवाशांना?"

"प्रवाशांना काही नाही. तो माझ्याशी बोलत होता."

"काय?"

थेओनीचे कान तापले. "म्हणाला... तू हसलीस की मला पुढचं काही आठवत नाही."

काका दाराशी उगाच खोकले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "यात इतिहास कुठला? फाडा तो दंडाचा कागद."

थेओनी मात्र हलली नाही. स्टाथिसकडे वळून म्हणाली, "तुला पकडायला मीच सांगितलं होतं काकांना. आणि मग रोज मीच तुला बघत बसायचे. मला तू आवडतोस."

"तक्रारीचं मला काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," तो म्हणाला. "दुसरं मात्र... आत्ता कळतंय. पुन्हा सांग ना."

बाईंसमोर, काकांसमोर, तिने पुन्हा सांगितलं.