पोटरीला गुंडाळलेला दोरा

दुपारची डुलकी मोडली तेव्हा नंदिनीच्या शाबूत पायाच्या पोटरीला दोरा गुंडाळलेला होता, आणि त्या दोऱ्याचं दुसरं टोक सासूबाईंच्या हातात होतं!

"काय करून राहिल्या आई?"

"डास बसला होता," म्हणत शोभाताई दोरा मुठीत कोंबून उठल्या.

दोऱ्यानं डास मारणारी बाई अख्ख्या नागपुरात नंदिनीनं पाहिली नव्हती. पण विचारायचं कुणाला? अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला, त्या जागी स्टीलची नळी आली, आणि तेव्हापासून घरात कुणी आलं की शोभाताई धावत येऊन तिच्या पायांवर चादर टाकत. लाज वाटते त्यांना माझी... हे शल्य तिनं नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी उमरेडला माहेरी जायचं, आणि जमलं तर परतायचंच नाही, असं ठरवून तिनं बॅगही भरली होती.

तरी कुतूहल मोठं वाईट! देवघरात फोमचा चुरा का सांडतो? सासूबाईंची बोटं चहाच्या रंगाची का? आणि दुखऱ्या गुडघ्यांखाली घेऊन त्या पूजेला बसत, ती जाड गादी गेली कुठे? आता तर गार फरशीवर, कण्हत कण्हत आरती चालली होती...

निघायच्या दिवशी तिनं सरळ देवघराचं दार ढकललं. शोभाताईंच्या मांडीवर एक पाय होता! भाजीच्या सुरीनं गादीच्या फोममधून कोरलेला, वर चहाच्या पाण्यात रंगवलेला लांब मोजा.

"काहून आली वं मधातच? मागून शिवायचा राहिला ना!" त्या गोंधळल्या. "नळीचं तयार कव्हर महाग, आपल्याले झेपत नाही. म्हटलं, नळीवर हा घातला तर तुले चादर लागणार नाही. लोकं टकमक पाहे, अन् तू मान खाली घाले... मले पाहवत नव्हतं!"

"म्हणजे चादर... माह्यासाठी?"

"मंग काय पलंगासाठी?"

नंदिनीनं तो पाय नळीवर चढवला. पोटरीचा फुगवटा आतल्या बाजूऐवजी बाहेरच्या बाजूला! उजव्या पायाची मापं घेऊन शोभाताईंनी डाव्यासाठीही उजवाच कोरला होता.

"अवं माय! दोन्ही उजवे झाले वं!" त्यांनी कपाळाला हात लावला.

नंदिनी हसत सुटली... आणि एकाएकी थांबली. नडगीवर एक गडद, वाकडा डाग होता.

"हा कसला?"

"तुह्या उजव्या पायावर आहे तसाच. नवी नवी होती तू, वड्यांचं तेल उडालं होतं. तू बोलली नाही, म्या विचारलं नाही... पण रडू आलं होतं मले."

"पाहिलं होतं तुम्ही?" एवढंच बोलून ती त्यांच्या कुशीत कोसळली.

हळदीकुंकवाला नंदिनी पुढच्या खोलीत बसली, दोन उजवे पाय घेऊन, चादरीविना! आणि आत देवापुढे दिवा लावायला शोभाताई वाकल्या, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांखाली उमरेडच्या बॅगेतल्या साऱ्या साड्यांची जाड, मऊ घडी होती.