अजून रडायचं नाही

धुण्याच्या हौदावरून ग्रानियाला बोलावलं ते पेगचं प्रेत धुवायला. काम रोजचंच, इथे बाया मरतच असत. दुपार होती, पण डोंगरावरून उतरलेल्या धुक्याने तुरुंगाचं आवार गिळून टाकलं होतं. प्रेताच्या खोलीत ओल्या राखेचा वास होता.

दोघी आयर्लंडहून कैदी म्हणून एकाच जहाजाने या व्हॅन डीमेनच्या बेटावर आल्या होत्या. पेगने पाव चोरला होता. ग्रानियाने जमीनदाराच्या गंजीला काडी लावली होती, आणि तिला त्याचा जराही पस्तावा नव्हता. शेवटी शेवटी पेग खोकायची, आणि खोकता खोकता हसायची.

"मी मेले की खिडकी उघडायला लाव. मी पुढे, तू मागे," ती म्हणाली होती. "पण रडू नकोस गं. जीव लांब जायच्या आत रडलं की सैतानाची कुत्री उठतात... लांब गेल्यावर रड."

संध्याकाळच्या ओहोटीला देवमासे मारणाऱ्यांची होडी निघणार होती. ग्रानियाला घेऊन जाण्याबद्दल पेगनेच त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. ती होडी चुकली, तर उद्यापासून ग्रानियाच्या गळ्यात शिक्षेचा लोखंडी पट्टा.

पहारेकरी कर्बी म्हातारा, या दोघींच्याच मुलखातला. साहेबाचे जोडे चाटून त्याने किल्ल्या मिळवल्या होत्या. कोपऱ्यात म्हातारी हॅना उपदेश चघळत बसली होती: नीट राहावं, पोरी, आम्ही नाही का राहिलो? राहिली ना. चुगल्या करून राहिली.

"कर्बीबाबा, खिडकी उघडा," ग्रानिया हळूच म्हणाली. "नाहीतर पेग इथेच राहील. तुमच्या पहाऱ्यावर."

कर्बीने किल्ली लावली. त्याने गज काढला. मग रीतीप्रमाणे दोघा म्हाताऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जिवाच्या वाटेकडे कुणी बघायचं नसतं.

खिडकीखाली ओढा, ओढ्यापलीकडे रान. ग्रानियाने अंग बाहेर टाकलं. तेवढ्यात तिच्या घोट्याला घासून काहीतरी गारढोण पुढे सरकलं.

ती पाण्यात उतरते न उतरते तोच मागे हॅनाने गळा काढला. प्रेतावर रडणारीला तंबाखूची चिमूट मिळते. थेरडीला तेवढाही धीर निघाला नाही.

कुत्री उठली. साखळ्या सुटल्या. भुंकणं ओढ्यापर्यंत आलं, अगदी मानेपाशी आलं... आणि वळलं. डोंगराकडे. वर धुक्यात कुणीतरी खोकलं होतं.

होडीवाल्यांनी तिला हात देऊन आत ओढलं. बंदराचं तोंड मागे पडलं, तेव्हा ग्रानिया उभी राहिली आणि पेगसाठी तिने गावाकडच्यासारखा हंबरडा फोडला.

"गप बस बाई," एक वल्हेवाला कुजबुजला. "ऐक..."

समोर, जिकडे जमीनच नव्हती, तिकडे कुत्री भुंकत होती.

"भुंकू देत," ग्रानिया म्हणाली, आणि तिने आवाज आणखी चढवला.

त्या भुंकण्याच्याही पुढे, भर पाण्यावर, कुणीतरी खोकत, हसत पळत होतं.