मागच्या बाकावरचा विद्यार्थी

त्या शनिवारी पाऊस इतका तिरपा झोडपत होता, की चर्चच्या छपराचं काम करणारा सुतार लिसांद्रो शिडीवरून उतरून थेट धर्मशिक्षणाच्या वर्गात येऊन बसला. अगदी मागच्या बाकावर, भिजलेली टोपी गुडघ्यावर धरून.

वर्ग घेणाऱ्या एडेल्मिराने पाहून न पाहिल्यासारखं केलं. समोर सात मुलं होती. डिसेंबरात चर्चमध्ये त्यांचा पहिल्या कम्युनियनचा विधी, आणि निम्म्यांना अजून प्रभूची प्रार्थनाही येत नव्हती. पण छोटी मिलेना मागे वळली आणि तिने सुतारालाच विचारलं, तुला येते का?

त्याला येत नव्हती. मुलं खिदळली. तो ओशाळून म्हणाला, लहानपण जंगलात लाकूडतोड्यांच्या तळावर गेलं, तिथवर फादर कधी पोचलेच नाहीत.

"मग पुढे येऊन बसा," एडेल्मिरा म्हणाली. "मागे बसणारे नापास होतात."

"बाई शिकवणार असतील तर… दरवर्षी नापास होईन म्हणतो."

तिला हसू फुटलं. इतक्या दिवसांनी आलेलं ते हसू तिचं तिलाच परकं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा रेनाल्दो मासेमारीला गेला. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, तो लागला नाही. सासू क्लोरिंदा मानायला तयार नव्हती. प्रेत नाही तर मरण कसलं, म्हणत तिने त्याच्या नावाचा मिस्सा, चर्चमधली मृतासाठीची उपासनाही होऊ दिली नाही. एडेल्मिरा ना धड बायको, ना धड विधवा. चिली देशाच्या दक्षिणेकडच्या त्या चिलोए बेटावर लोक तिच्याशी आवाज उतरवूनच बोलत.

त्या हिवाळ्यात दर शनिवारी पाऊस पडला, आणि दर शनिवारी लिसांद्रो मुलांच्या ठेंगण्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. वर्ग सुटला की ती शेगडीवर पाणी तापवून माते करायची, नळीने ओढून प्यायचा कडू पाल्याचा चहा. भांडं एक, नळी एक. तिने ओठाला लावलेली नळी आपल्या ओठाला लावण्याआधी तो क्षणभर थांबायचा… आणि ती खिडकीबाहेर पाहत राहायची, जणू पाऊस कधी पाहिलाच नव्हता.

हिवाळा सरता सरता, सप्टेंबरात, छप्पर पुरं झालं. त्या शनिवारी मुलं यायच्या आधी तो वर्गाच्या दारात उभा राहिला.

"दुपारच्या बोटीने निघतोय. दक्षिणेत काम मिळालंय." मग हळूच— "एडेल्मिरा, चल माझ्याबरोबर."

पहिल्यांदाच त्याने तिला बाई म्हटलं नव्हतं.

"कोणाची म्हणून येऊ?" ती म्हणाली. "इथे मी अजून त्याचीच आहे."

तेवढ्यात मुलं आली. त्या दिवशीचा धडा होता मृतांसाठी प्रार्थना. मुलांनी आपापल्या आजी-आजोबांची नावं घेतली. मग मिलेनाने विचारलं, "बाई, जे समुद्रात राहिले त्यांचंही नाव घ्यायचं?"



"घ्यायचं," एडेल्मिरा म्हणाली. डोळे मिटून तिने ते घेतलं— "रेनाल्दो." सात कोवळे आवाज तिच्यामागून म्हणाले, त्याला शांती मिळो.

मुलं घरोघर गेली आणि बाईंनी रेनाल्दोचं नाव मृतांत घेतल्याची बातमीही गेली. एडेल्मिराने शाल घेतली आणि भर दुपारी, सगळ्या खिडक्यांसमोरून, लिसांद्रोचा हात धरून ती धक्क्यापर्यंत चालत गेली.

"आज नाही येता येणार मला. म्हातारीला माझ्याशिवाय कोणी नाही."

"मग कधी?"

"माहीत नाही… पण आवडतोस तू मला. एवढं ऐकून जा."

 तो म्हणाला, "प्रार्थना पाठ झालीय माझी. परीक्षा तेवढी राहिली."

"परीक्षेला ये."

बोट धुक्यात शिरेपर्यंत ती पावसात उभी होती.

घरी क्लोरिंदा चुलीपाशी बाकावर बसली होती. तिने मान वर केली नाही.

"गाव सांगून गेलं मला," ती म्हणाली.

एडेल्मिरा दारातच थांबली. पाणी तिच्या शालीवरून जमिनीवर गळत राहिलं.

"रविवारी फादर येतील," म्हातारी शेवटी म्हणाली. "माझ्या लेकाच्या नावाने मिस्सा सांग. मला नाही सांगवणार."

ती बाकावर जराशी सरकली. एडेल्मिरा तिच्याशेजारी बसली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी मिळून रडल्या.