खोडाच्या पलीकडे

ही गोष्ट रचलेली नाही. हसायचं असेल तर खुशाल हसा. पण ज्यांच्या घरात ती घडली ते मामा अजून आहेत, आणि तिन्हीसांजेला त्यांच्या गोदामात पाय ठेवायला त्यांची सख्खी भाचीसुद्धा धजत नाही.

मामा सुतार. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, म्हणून त्यांची बायको आपोआप सगळ्यांची मामी. पुढे दुकान, मागे उंच छताचं गोदाम. मामी जखमी प्राण्यांच्या केंद्रात कामाला होती. मूलबाळ नव्हतं. अनाथ पिल्लं मात्र घरात कायम असायची.

शेवटचं पिल्लू होतं उडत्या खारीचं. बोटाएवढं असताना आलं. पाय ताणले की दोन्ही कुशींची कातडी पसरायची आणि त्याचा चौकोन व्हायचा.

"अगंबाई, हा तर रुमाल!" मामी म्हणाली. तेच नाव पडलं.

त्याला झेप शिकवायची मामीची एक रीत होती. ही खार पाखरासारखी उडत नाही. उंच चढते, अंग सोडून देते आणि तरंगत समोरच्या झाडाच्या खोडाला येऊन चिकटते. म्हणून मामीच खोड व्हायची. गोणपाटाचा जाडजूड कोट तिने स्वतः शिवला होता, नखं रुतावीत म्हणून. दिवस मावळला की तो घालायची, गोदामाच्या टोकाला उभी राहायची आणि कोटाचं लाकडी बटण नखाने वाजवायची.

टक् टक्.

रुमाल तुळईवरून झेपावायचा. थप्! मामीच्या छातीवर. आणि क्षणात सरसर तिच्या पाठीवर.

"पाठीवर का पळतो गं?" मामांनी विचारलं होतं.

"मागे घुबड असलं तर? खोडाला टेकायचं आणि लगेच पलीकडच्या बाजूला लपायचं. कुणी शिकवावं लागत नाही त्यांना. तुमच्यापेक्षा हुशार आहे तो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तुम्हाला टॉवेल सापडत नाही."

पानगळ सुरू झाली आणि मामीला ताप आला. साधाच वाटला. छातीत उतरला. हॉस्पिटलात शेवटी तिला धड बोलवतही नव्हतं. मामांचा हात धरून ती एवढंच म्हणाली, "अहो, थंडीच्या आत त्याला सोडा हं. एकट्याने थंडी निघत नाही त्यांची. ढोलीत एकमेकांना चिकटून झोपतात ती."

मामी गेली.

मामांनी कोट दुकानातल्या खुंटीला टांगला. रुमालला खायला घालायचे, गोदामाचं दार लोटायचे आणि हातात काहीतरी काम घेऊन बसायचे. रंधा चालायचा, पण लक्ष कुठे असायचं देव जाणे.

अशाच एका संध्याकाळी ते दुकानात बसले होते. रस्त्यावर दिवे लागायचे होते.

आतून आवाज आला...

टक् टक्.

मामांचा हात थांबला.

मग... थप्!

भिंतीचा आवाज नव्हे तो. लाकडाचाही नव्हे. जाड कापडाचा. पाठोपाठ नखांची सरसर, पुढून मागे जाणारी.

कोट मामांच्या समोर खुंटीला होता. हलतही नव्हता.

त्यांनी दार उघडलं. गोदाम रिकामं. रुमाल पलीकडच्या कोपऱ्यात जमिनीवर बसून निवांत तोंड पुसत होता.

दुसरा कुणी असता तर घर सोडून पळाला असता. मामा मात्र उंबऱ्यातच खाली बसले आणि ढसाढसा रडले. भीतीने नाही. इतक्या दिवसांत घरात पहिल्यांदा कुणीतरी असल्यासारखं वाटलं म्हणून.

मग ते रोज संध्याकाळची वाट बघू लागले. टक् टक् रोज यायचं. दार उघडलं की कुणी नाही.

केंद्रातली डॉक्टरीण येऊन गेली. "मामा, थंडी पडायला लागली. पिल्लू कधी सोडताय?"

"झेप कच्ची आहे अजून," मामा धडधडीत खोटं बोलले.

रुमाल गेला तर तीही जाईल, ही एकच धास्ती होती.

एकदा त्यांनी स्वतः कोट घातला. टोकाला, तिच्या जागी उभे राहिले. भिंत बरीच मागे होती. रुमाल झेपावला, छातीला चिकटला, खांद्यावरून पाठीवर गेला...

आणि पाठीवरचं वजन नाहीसं झालं.

खाली पडल्याचा आवाज नाही. भिंतीला टेकल्याचा नाही.

कुणीतरी अलगद उचलून घेतलं होतं.

"अगं..." मामा कसेबसे म्हणाले. "माझ्याशी बोल की एकदा."

त्यांनी मागे वळून पाहिलं. रुमाल पुन्हा जमिनीवर. एकटा.

त्याच आठवड्यात सकाळी दुकानाच्या काचेवर दव गोठलं. मामांनी रुमालचं झोपायचं खोकं उघडलं. तो शेपटीत तोंड खुपसून पडला होता. हाताला गार लागला. सदऱ्याच्या आत, उघड्या छातीशी धरून ते किती वेळ बसले कोण जाणे. अखेर तो हलला.

"चुकलं माझं," मामा त्याला म्हणाले. "तिने सांगितलं होतं."

दिवस मावळताना ते कोट घालून रानाच्या कडेला गेले. डॉक्टरीणबाईंनी झाड दाखवून ठेवलं होतं. समोरच्या म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत उडत्या खारींचं बिऱ्हाड होतं. मामांनी शिडी लावून रुमालला फांदीवर ठेवलं.

तो हलेना. मामांच्या बाहीत घुसायला बघू लागला.

"जा रे राजा..." मामांनी बाही हळूच सोडवून घेतली.

आणि समोरच्या झाडामागून...

टक् टक्.

रुमालचे कान उभे राहिले. त्याने अंग सोडून दिलं. थप्! म्हाताऱ्या झाडाला चिकटला आणि सरसर पलीकडच्या बाजूला गेला.

मामा शिडीवरून जवळजवळ पडतच उतरले. धावत खोडाला वळसा घातला.

कुणी नव्हतं. वर ढोलीत कुठेतरी बारीक चिवचिव चालली होती.

त्यानंतर गोदामात आवाज आला नाही.

कडाक्याच्या थंडीत भाची त्यांना न्यायला आली. मामा गोदामाच्या टोकाला कोट घालून उभे होते, अंधारात, दोन्ही हात पसरून.

"मामा, हे काय? चला आमच्याकडे. एकट्याने कसं राहणार तुम्ही?"

"तिला वाटेल, मी तिची वाट न बघताच गेलो," मामा म्हणाले. "त्याला न्यायला आली ना ती. मग मलाही..."

भाचीने डोळे पुसले आणि त्यांच्या अंगातून कोट काढून घेतला. पुढचं गोणपाट बर्फासारखं होतं. बोटं बधिर झाली तिची.

मग तिने तो घडी घालायला पालथा केला...

पाठीकडून कोट गरम होता.

आत्ता कुणीतरी टेकून उठल्यासारखा.