तिसरा गज

मृणालने धोंडिराम गुरवांची सनई चाळीस जणांना ऐकवली होती, आणि त्यांतल्या एकतीस जणांना एकच खिडकी दिसली होती.

कोल्हापुरात अल्बमची कव्हरं करण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. पूर्वी संगीत ऐकून ती स्वतःच चित्र सुचवायची. आता हाताशी मनचित्रक होता. ऐकणाऱ्याने टोपी चढवायची, डोळे मिटायचे. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृश्यं उमटतात, तिथली हालचाल टिपून यंत्र पडद्यावर चित्र काढायचं. एरवी ज्याचं त्याचं वेगळं निघे. कुणाला नदी, कुणाला आईची पाठ. त्यातून मृणाल एखादा रंग, एखादी रेषा उचलायची. कव्हर नखाएवढं झालं तरी ओळखू यावं आणि सूर कानावर पडण्याआधीच ऐकू यावेत, एवढाच तिचा नियम.

या वेळी मात्र चित्र आयतंच समोर होतं. पोपटी खिडकी, पाच गज, तिसरा गायब. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने दुसरी टोपी आणि नवे लोक घेऊन पाहिलं. पुन्हा तेच.

शेवटी तिने गुरवांना बोलावलं. वय सहासष्ट, शिरोळकडच्या देवळात आयुष्यभर सनई वाजवलेली, आणि हा पहिलाच अल्बम. पडदा पाहताच त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही, मामा. तुमची धून ऐकताना लोकांना दिसलं."

"आमच्या घरची खिडकी हाय ही. तिसरा गज ढिला होता. मी दहा वर्षांचा असंन. मीच काढून दिला. आमची अक्का त्यातनं बाहेर पडली, एका ट्रकवाल्यासंगं गेली. वडलांनी आठवड्याच्या आत खिडकी विटांनी बुजवली. गज कुणी काढला, ते आजवर कुणाला बोललो नाही."

"म्हणजे तुमची आठवण सुरांत उतरली."

"ते कसं, ताई?" गुरव उठून पडद्याजवळ गेले. "मी तर आत होतो. हे रस्त्यावरनं दिसतंय."

मृणालने चित्र मोठं केलं. गजांमागच्या अंधारात एक लहान चेहरा होता, रडवेला.

मग तिने हळूच विचारलं, "ही धून तुम्ही बांधलीत?"

"नाही. चार वर्षांमागं उमरग्याच्या जत्रेत एका वाजंत्र्याकडनं उचलली. तो म्हणला, आमच्या गल्लीत एक म्हातारी गुणगुणती, तिचीच हाय. मी पुढं काही विचारलं नाही."

मृणालला आता उमगलं. वाजवणाऱ्याचं नव्हे, रचणाऱ्याचं चित्र धुनेत राहत होतं. दोन माणसं ओलांडूनही पुसलं गेलं नव्हतं.

"छापू का हे, मामा?" तिने विचारलं. "यापेक्षा चांगलं कव्हर मला सुचणार नाही. पण नको म्हणालात तर पुसून टाकते."

गुरवांनी पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं.

"छापा. अक्का जिती असंल तर तिला कळंल." मग त्यांचं बोट खाली, धून रचणाऱ्याच्या नावासाठी सोडलेल्या पट्टीवर आलं. "पण तिनं घरासंगं नावबी टाकलं असंल, ताई. मग हितं नाव कुणाचं घालायचं?"